नाव चुकले की वाट चुकते : एका सोंडकिड्याची गोष्ट



गेल्या पावसाळ्यात सातवीतील एक मुलगी काचेच्या दोन बाटल्या घेऊन प्रयोगशाळेत आली. एका बाटलीत घरच्या डब्यातले तांदूळ होते आणि त्यांत चार-पाच काळपट किडे फिरत होते. दुसऱ्या बाटलीत आजीने चिंच फोडून बाजूला ठेवलेले चिंचोके होते आणि त्यांतून निघालेले अगदी तसेच किडे. तिचा प्रश्न साधा होता. "बाई, हे दोन्ही एकच का?"

मी उत्तर देण्यापूर्वी वर्गातच वाद सुरू झाला. कोणी म्हणाले पोरकिडा, कोणी सोंडा, कोणी टोका. मागच्या बाकावरून "घुन" असाही आवाज आला, कारण इथल्या किराणा दुकानात आपण तेच ऐकतो. एका किड्याला चार नावे झाली आणि दोन बाटल्यांतल्या किड्यांना मिळून एकच!

खरे उत्तर असे की ते दोन्ही एक नाहीत. चिंचोक्यातला किडा म्हणजे सायटोफिलस लिनिॲरिस. तांदळातला किडा त्याच प्रजातीतला, पण वेगळ्या जातीचा. हे सांगितल्यावर दुसरा प्रश्न आला. "पण बाई, नाव वेगळे असले म्हणून काय फरक पडतो? दोन्ही फेकूनच द्यायचे ना?"

या प्रश्नाचे उत्तर तासाच्या उरलेल्या पाच मिनिटांत देता आले नाही. ते येथे देत आहे. त्यासाठी आपल्याला तांदळाच्या डब्यापासून निघून आफ्रिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि केरळ असा प्रवास करून परत आपल्या मध्य प्रदेशात यायचे आहे.

सोंडकिडा म्हणजे कोण?

ज्या भुंगेऱ्यांच्या डोक्याचा पुढचा भाग लांब होऊन सोंडेसारखा दिसतो, त्यांना या लेखात आपण सोंडकिडे म्हणू. ही सोंड हत्तीच्या सोंडेसारखी मऊ नसते. ती कठीण असते आणि तिच्या टोकाला चावणारे जबडे असतात. म्हणजे सोंडकिडा डासासारखा रस शोषत नाही, तो कुरतडतो. सोंडेच्या दोन्ही बाजूंना शृंगिका, म्हणजे मिशा, असतात. बहुतेक सोंडकिड्यांच्या शृंगिका आपल्या कोपरासारख्या वाकलेल्या असतात आणि त्यांचे टोक गदेसारखे फुगीर असते.

मादी सोंडेने दाण्याला, खोडाला किंवा फळाला भोक पाडते आणि त्यात अंडे घालते. तांदळातली मादी तर अंडे घातल्यावर भोक चिकट द्रवाने बुजवून टाकते. अळीला पाय नसतात. ती दाण्याच्या आतच खाते, आतच कोष करते आणि पूर्ण वाढ झाल्यावर दाणा फोडून बाहेर येते. म्हणूनच आज निवडून-चाळून ठेवलेल्या तांदळात महिन्याभराने किडे दिसतात. ते बाहेरून आलेलेच असतात असे नाही, दाण्यात आधीपासूनही असू शकतात.

जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आहेत. सोंडकिड्यांच्या किती असतील? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नाव मिळालेल्या जातींची संख्या सुमारे ६२,००० दिली होती आणि अजून नाव न मिळालेल्या धरल्या तर हा आकडा दोन लाखांच्या पुढे जाईल असा अंदाज मांडला होता. याचा अर्थ, बहुतेक सोंडकिड्यांना अजून नावच नाही.

वर्गीकरणाची शिडी

एवढ्या गर्दीत एखादा किडा शोधायचा कसा? पत्त्यावर जसे राज्य, जिल्हा, गाव, गल्ली आणि घर असते, तशीच ही शिडी आहे. ज्या सोंडकिड्याची गोष्ट पुढे येणार आहे, त्याचाच पत्ता पाहा.

सृष्टी – प्राणी
संघ – संधिपाद
वर्ग – कीटक
गण – ढालपंखी, म्हणजे ज्यांचे पुढचे पंख ढालीसारखे कठीण असतात असे सर्व भुंगेरे
कुल – कुर्कुलिओनिडी
प्रजाती – सिर्टोबेगस
जाती – सिर्टोबेगस साल्व्हिनी

येथे आपल्या मुलांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. मराठी पुस्तकात 'प्रजाती' म्हणजे वरची पायरी आणि 'जाती' म्हणजे शेवटची पायरी. हिंदी विज्ञान-पुस्तकात वरच्या पायरीला 'वंश' म्हणतात आणि हिंदी वर्तमानपत्रात 'प्रजाति' हा शब्द बहुधा शेवटच्या पायरीसाठी वापरतात. आपली मुले दोन्ही वाचतात, त्यामुळे परीक्षेत हमखास गोंधळ होतो. लॅटिन नाव मात्र कोठेही गेले तरी तेच राहते. दोन शब्दांचे नाव, पहिला शब्द प्रजातीचा आणि दोन्ही मिळून जातीचे. प्राण्यांच्या अशा नावांचा आरंभ स्वीडनच्या लिनियस यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरतात.

नवी जाती जाहीर करताना तिचे सविस्तर वर्णन छापावे लागते आणि एक नमुना 'हाच तो' म्हणून कायमचा संग्रहालयात ठेवावा लागतो. पुढे शंका आली तर त्या नमुन्याशी ताडून पाहता येते. सोनाराकडे जसे वजनाचे माप, तसा हा नमुना.

दिसते तसे नसते

वर्गीकरण म्हणजे सारखे दिसणारे एकत्र ठेवणे, असे आपल्याला वाटते. ते तितके सोपे नाही. तीन उदाहरणे पाहू या.

पहिले : मूग, चवळी, हरभरा यांना गोल भोक पाडणारा भुंगेरा. इंग्रजीत त्यालाही पुष्कळदा सोंडकिड्याचेच नाव देतात. पण तो सोंडकिडा नाही. त्याला आज पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळात ठेवतात.

दुसरे : झाडाच्या सालीखाली बोगदे कोरणारे साल-भुंगेरे. त्यांना सोंड जवळपास नसतेच. तरीही ते सोंडकिड्यांच्या कुळातच मोडतात, कारण शरीराची बाकीची रचना आणि आनुवंशिक पुरावा दोन्ही तेच सांगतात.

तिसरे : आपल्या डब्यातला तांदळाचा किडा. त्याला लिनियस यांनी १७६३ साली नाव दिले. आज त्याला सायटोफिलस ओरायझी म्हणतात. त्याच्यासारखाच दिसणारा, बहुधा थोडा मोठा, मक्याचा किडा म्हणजे सायटोफिलस झिआमेस. त्याला १८५५ सालीच वेगळे नाव मिळाले होते. पण दोघांच्याही पाठीवर चार फिकट ठिपके असतात, दोघेही तांदूळ खातात आणि मकाही खातात. त्यामुळे 'एकाच जातीचे लहान आणि मोठे किडे' असे मानण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. १९६१ साली कुशेल यांनी हा नावांचा गुंता सोडवला. खात्रीचा फरक शरीराच्या आत आहे. नराच्या जननांगाचा वरचा पृष्ठभाग एकाचा गुळगुळीत असतो, दुसऱ्याच्या पृष्ठभागावर दोन लांब खाचा असतात. म्हणून त्या मुलीच्या तांदळातला किडा या दोहोंपैकी कोणता, हे मला साध्या भिंगाने सांगता आले नाही आणि तसे मी तिला सांगितलेही.

मोठमोठ्या अभ्यासकांचेही एकमत असतेच असे नाही. सर्व सोंडकिड्यांची कुळे किती? कोणी सात धरतात, कोणी त्याहून अधिक. वर ज्याचा पत्ता दिला, त्या सिर्टोबेगसलाही काहीजण दुसऱ्या कुळात ठेवतात. वर्गीकरण दगडावरची रेघ नाही. नवा पुरावा आला की ते बदलते.

पाण्यावरची हिरवी चादर

आता मुख्य गोष्ट.

साल्व्हिनिया हा पाण्यावर तरंगणारा नेचा आहे. त्याच्या पानांवर बारीक केस असतात आणि ते टोकाला जोडलेले असतात, अगदी ताक घुसळायच्या रवीसारखे. त्यामुळे पान ओले होत नाही. दिसायला हा नेचा इतका सुंदर की लोकांनी तो हौदासाठी आणि माशांच्या टाकीसाठी देशोदेशी नेला. तेथेच चूक झाली. याला बीजाणूंपासून नवी रोपे येत नाहीत, पण तुटलेला प्रत्येक तुकडा नवे रोप होतो. ऊब आणि खत मिळाले तर आठवड्याच्या आत तो दुप्पट होतो. थरावर थर चढतात, खालच्या पाण्यात उजेड आणि हवा पोचत नाही, मासे मरतात, होडी चालत नाही.

श्रीलंकेत तो १९३९ साली कोलंबोच्या विद्यापीठात अभ्यासासाठी आला आणि तेथून बाहेर पसरला. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण झाले. डिसेंबर १९५८ मध्ये पाणी अडवले, १९५९ साली हा नेचा दिसला आणि १९६२ पर्यंत त्याने सुमारे १,००० चौरस किलोमीटर पाणी झाकले. केरळात तो १९५० च्या दशकात दिसू लागला आणि कुट्टनाडच्या भातखाचरांत व कालव्यांत शिरला. लावणीपूर्वी तो हाताने काढून टाकण्यातच शेतकऱ्यांचे पैसे संपू लागले.

सर्वात बिकट स्थिती पापुआ न्यू गिनीतील सेपिक नदीकाठी झाली. तेथील लोकांचे जगणे होडीवर. मासेमारी, सागो ताडाचे पीठ आणणे, बाजार, शाळा, दवाखाना, सगळे पाण्यावरूनच. १९८० च्या सुमारास तेथील सुमारे २५० चौरस किलोमीटर पाणी या नेच्याखाली गेले. होड्या अडकल्या आणि काही गावांतील लोकांना घरे सोडून जावे लागले.

चुकीचे नाव, चुकीचा देश

हे तण मूळचे कोठले? हा प्रश्न महत्त्वाचा होता, कारण मूळ ठिकाणी त्याला खाऊन आटोक्यात ठेवणारा कोणीतरी असणारच. तो सापडला की काम झाले.

त्या काळी सर्वजण या नेच्याला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजत होते. ती जाती त्रिनिदाद आणि गयाना या भागात मिळते. म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस बेनेट नावाच्या अभ्यासकांनी तेथे शोध घेतला. त्यांना एक नाकतोडा, एक पतंग आणि एक छोटा सोंडकिडा सापडला. या सोंडकिड्याचे नाव सिर्टोबेगस सिंग्युलॅरिस. ते फ्रेंच कीटकतज्ज्ञ ह्युस्ताश यांनी १९२९ साली दिलेले होते.

हे कीटक मग निरनिराळ्या देशांत सोडले. सोंडकिडा आफ्रिकेत आणि फिजीत सोडला. नाकतोडा पुढे केरळातही आणला. सोंडकिड्याने तण हटले नाही, केरळातल्या नाकतोड्यानेही ते आटोक्यात आले नाही. वर्षे गेली, पैसा गेला आणि 'या उपायात अर्थ नाही' असे लोकांना वाटू लागले.

चूक कीटकांची नव्हती. १९७२ साली मिचेल यांनी या तणाचे बारकाईने परीक्षण करून दाखवले की ही साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा नव्हेच. बीजाणुकोशांची मांडणी वेगळी आहे, म्हणून ही स्वतंत्र जाती. तिला त्यांनी साल्व्हिनिया मोलेस्टा हे नाव दिले. म्हणजे आतापर्यंतचा सारा शोध एका वेगळ्याच वनस्पतीच्या घरी चालला होता! पाहुणा राहतो एका गावी आणि आपण पत्ता विचारत फिरतो दुसऱ्या गावी, तसे झाले.

नाव दुरुस्त झाल्यावर शोधाची दिशा बदलली. १९७८ साली ऑस्ट्रेलियाचे फोर्नो आणि हार्ली यांना ही वनस्पती तिच्या मूळ घरी, आग्नेय ब्राझीलमध्ये सापडली. तेथे ती मोठे थर करून पसरलेली नव्हती. तिच्यावर एक काळा सोंडकिडा होता, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा.

दुसरी चूक होता होता राहिली

आता नीट लक्ष द्या, कारण गोष्टीचे मर्म येथेच आहे.

ब्राझीलच्या या सोंडकिड्याचे नाव काय? पाहणाऱ्यांना तो सिर्टोबेगस सिंग्युलॅरिसच वाटला. म्हणजे जो आफ्रिकेत आणि फिजीत अपयशी ठरला, तोच! केवळ नावावर विसंबून निर्णय घेतला असता तर 'हा उपाय करून पाहिला आहे, उपयोग होत नाही' असे म्हणून फाईल बंद झाली असती. पण या अभ्यासकांनी नावापेक्षा समोरच्या जिवंत किड्यावर अधिक विश्वास ठेवला. हा किडा नेमक्या त्याच तणावर जगतो आहे ना, मग त्याला संधी देऊन पाहू, असा विचार त्यांनी केला. तो दुसऱ्या पिकांना खात नाही ना, याच्या चाचण्या बंदिस्त जागेत घेतल्या.

जून १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील माउंट आयझा गावाजवळच्या मूंडारा तलावात ते सोडले. तलावाचा सुमारे २०० हेक्टर भाग तणाने झाकलेला होता. किडे वाढत गेले. हिरवी चादर तपकिरी झाली, कुजली आणि तळाला गेली. दोन वर्षांच्या आत पाणी मोकळे झाले.

मग प्रश्न पडला की तोच किडा एका ठिकाणी हरतो आणि दुसऱ्या ठिकाणी जिंकतो, हे कसे? नमुने पुन्हा भिंगाखाली आले. पाठीवरील खळगे, आकार, नराच्या जननांगाची रचना, सगळे ताडून पाहिले. सवयीतही फरक निघाला. सिंग्युलॅरिसची अळी प्रामुख्याने बाहेरून कुरतडते, तर या किड्याची अळी तणाच्या आडव्या खोडात शिरून ते आतून पोखरते आणि प्रौढ किडे नवे कोंब खातात. कोंबही गेला आणि खोडही गेले तर तुकड्यातून नवे रोप येणार कोठून?

१९८५ साली कॅल्डर आणि सँड्स यांनी ही नवी जाती असल्याचे जाहीर केले आणि तिचे नाव ठेवले सिर्टोबेगस साल्व्हिनी. म्हणजे या किड्याने एक तलाव मोकळा केला तेव्हा त्याचे बारसेही झालेले नव्हते.

सेपिक नदीकाठीही हाच किडा नेला. तेथे सुरुवातीला तो वाढेना, कारण तणात नत्र फार कमी होते. थोड्या जागेत युरिया घालून तण सकस केल्यावर किडे झपाट्याने वाढले आणि पुढे पसरले. १९८० चे दशक अर्धे सरेपर्यंत तेथील पाणी बरेचसे मोकळे झाले आणि होड्या पुन्हा चालू लागल्या. श्रीलंकेत तो १९८६ साली सोडला. तेथील कामाचा हिशेब १९८९ साली मांडला गेला, तेव्हा खर्चाच्या ५३ पट लाभ झाल्याचे दिसले.

भारतात आणि आपल्या प्रदेशात

भारतात हा सोंडकिडा ऑस्ट्रेलियातून बंगलोरला आला. तेथे परीक्षा झाल्यावर आधी एका कमळांच्या तळ्यात सोडला. तळे वर्षाच्या आत मोकळे झाले. मग तो केरळात गेला आणि काही वर्षांत तेथील कालवे व भातखाचरे श्वास घेऊ लागली.

आपल्या मध्य प्रदेशातही हे तण आले आहे. कटनी जिल्ह्यातील सुमारे २० हेक्टरचे एक तळे त्याने भरून गेले होते. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने डिसेंबर २०१९ मध्ये तेथे हा सोंडकिडा सोडला आणि साधारण दीड वर्षात तळे मोकळे झाले. त्यानंतर बैतूल जिल्ह्यात सारणीच्या सातपुडा जलाशयातही तो सोडण्यात आला.

नावांची गंमत येथेही पाहा. सारणीचे लोक या तणाला 'चाइनीज झालर' म्हणतात. केरळात त्याचे नाव 'आफ्रिकन पायल', म्हणजे आफ्रिकेचे शेवाळ. ते चीनचे नाही, आफ्रिकेचे नाही आणि शेवाळही नाही. ते ब्राझीलचा नेचा आहे. बोलीतली नावे वाईट नसतात, रोजच्या व्यवहाराला ती पुरतात. पण औषध शोधायला त्या नावाच्या मागे चीनला गेलो असतो तर रिकाम्या हाताने परत आलो असतो.

पालक नेहमी विचारतात, "परदेशी किडा आणून सोडायचा म्हणजे धोका नाही का?" धोका असतोच, म्हणून तर आधी बंदिस्त जागेत परीक्षा घेतात. हा किडा साल्व्हिनियावरच जगतो. तण कमी झाले की त्याचीही संख्या घटते. हे काम मात्र जाणकार संस्थांचेच आहे. आपण हौसेने एका तलावातले किडे दुसऱ्या तलावात सोडू नयेत.

मग त्या मुलीच्या प्रश्नाचे काय?

"नाव वेगळे असले म्हणून काय फरक पडतो?" आता उत्तर तुम्हीच देऊ शकाल. तणाचे नाव चुकले म्हणून शोध चुकीच्या देशात झाला. किड्याचे नाव चुकले तेव्हा योग्य उपाय हातातून निसटण्याची वेळ आली. दोन्ही वेळा किंमत मोजली ती नदीकाठच्या आणि शेतातल्या माणसांनी.

पण गोष्टीचा दुसरा अर्धा भागही विसरू नका. नाव पाठ असणे म्हणजे ज्ञान नव्हे. 'सिंग्युलॅरिस' हे नाव माहीत असूनही ज्यांनी पुन्हा पाहिले, त्यांनाच खरी गोष्ट सापडली. पुस्तकात लिहिलेले नाव हा कोणीतरी काळजीपूर्वक मांडलेला दावा असतो. तो मान द्यावा असाच असतो, पण समोरची वस्तू वेगळे सांगत असेल तर पुन्हा तपासावा लागतो. मिचेल यांनी तेच केले, कुशेल यांनी तेच केले, कॅल्डर आणि सँड्स यांनीही तेच केले. आणि दोन बाटल्या घेऊन आलेल्या आपल्या मुलीनेही त्याच रस्त्यावर पहिले पाऊल टाकले.

तिच्या त्या दोन बाटल्या आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत. त्यांवर चिठ्ठी लावली आहे. किडा कशात सापडला, कोठे, कोणत्या तारखेला आणि कोणाला. चिंचोक्याच्या बाटलीवर नाव लिहिले आहे. तांदळाच्या बाटलीवर लिहिले आहे, 'सायटोफिलस, जाती निश्चित नाही'. कोणीतरी मोठा होऊन ते निश्चित करील.

आपल्या विश्वस्त मंडळींना एकच विनंती. प्रयोगशाळेत चांगल्या भिंगांची संख्या थोडी आहे. दर चार मुलांत एक भिंग झाले तरी अशा बाटल्या वाढतील.

पालकांसाठी

घरातील माशांच्या टाकीतली वनस्पती जास्त झाली तर ती नदी, तलाव किंवा नाल्यात टाकू नका. उन्हात पूर्ण वाळवून मग कचऱ्यात टाका. साल्व्हिनियाचा एक ओला तुकडाही पुरेसा असतो. तांदळात किडे दिसले तर मुलांना दूर पळवण्याऐवजी पाच मिनिटे पाहू द्या. हे किडे चावत नाहीत, डंख मारत नाहीत.

करून पाहा

१. घरातील तांदूळ, गहू, मूग, चिंचोके यांत सापडलेले किडे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवा. भिंगातून पाहा. सोंड कोणाला आहे? शृंगिका कोपरासारखी वाकलेली आहे का? पाठीवर ठिपके किती?

२. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावा : कशात, कोठे, केव्हा, कोणाला. चिठ्ठी नसलेला नमुना अभ्यासाच्या उपयोगाचा नाही.

३. आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना आणि किराणा दुकानदारांना त्या किड्याचे नाव विचारा. मराठी, हिंदी, माळवी, जितकी मिळतील तितकी नावे वहीत लिहा.

४. तलावावर जाल तेव्हा मोठ्या माणसाबरोबरच जा आणि पाण्यात उतरू नका. काठावरच्या जलपर्णीच्या पानांवर कुरतडल्याचे छोटे फिकट डाग दिसतात का ते पाहा. जलपर्णी खाणारे निओकेटिना प्रजातीचे दोन सोंडकिडेही १९८० च्या दशकापासून आपल्या देशात आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या पाठीवर फिकट पट्टा असतो.

विचार करा आणि लिहा

१. साल-भुंगेऱ्याला सोंड नसूनही तो सोंडकिड्यांच्या कुळात का? मुगातला भुंगेरा त्या कुळात का नाही?

२. मिचेल यांनी १९७२ साली तणाचे नाव दुरुस्त केले नसते तर पुढे काय झाले असते?

३. 'नाव पाठ असणे म्हणजे ज्ञान नव्हे' हे वाक्य या गोष्टीतील कोणत्या प्रसंगाने पटते? आपल्या शब्दांत दहा ओळी लिहा.

उत्तरे वहीत लिहून विज्ञानाच्या तासाला आणावीत. बाटल्याही आणाव्यात, पण झाकण घट्ट लावून!